बटाट्यातली काळी रेघ

१९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे मुंबईहून एक अर्ज आला. अर्जदार कमला भागवत. रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन तिने मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली होती आणि गुणवत्ता यादीत ती अव्वल होती. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेच्या सुरुवातीच्या काळातले रसायनशास्त्राचे विद्यार्थी. घरातल्या तिसऱ्या माणसाला तिथे प्रवेश मिळायला अडचण येईल असे कुणाच्या मनातही आले नव्हते. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच होते, अर्जदार मुलगी होती.

त्या वर्षी रामन नुकतेच संचालक झाले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती. ज्या शोधासाठी ते मिळाले तो २८ फेब्रुवारी १९२८ चा, कलकत्त्याच्या बहूबाजार स्ट्रीटवरचा. द्रवातून प्रकाश गेला की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. प्रकाश रेणूवर आदळतो, रेणूतले अणू एकमेकांशी जोडलेले राहूनच कंप पावत असतात, त्या कंपनांना प्रकाश थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, आणि तेवढ्या फरकाने त्याचा रंग सरकतो. रंग किती सरकला हे मोजले की रेणू कसा कंप पावतो ते कळते. बेंझीनची कंपने वेगळी, अल्कोहोलची वेगळी. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती रेणूची ओळख पटवण्याचे नवे साधन आले. हे पहिल्यांदा पाहिले गेले ते डोळ्याला लावायच्या साध्या हाती स्पेक्ट्रोस्कोपमधून. प्रकाशाचे रंग फोडून दाखवणारी ती एक नळी, हातात मावेल एवढी.

नकार आल्यावर कमला स्वतः बंगळूरला गेली. कारण लेखी द्या, नाहीतर मी इथून हलणार नाही, असा तिचा पवित्रा होता. ते दिवस गांधींचे होते आणि सत्याग्रह हा शब्द मुंबईच्या मध्यमवर्गीय मुलीच्या तोंडी सहज येत होता. रामन यांनी अखेर दार उघडले ते अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट वाचताना आजही मन कडू होते. रामन यांच्या विज्ञानापुढे मान तुकवणाऱ्यानेही ती विसरू नये. ती विसरली तर कमलाबाईंचे पुढचे सगळे काम किती मोठ्या किमतीचे होते ते कळत नाही.

मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला उदार. पहाटे पाचला सुरू होणारा दिवस रात्री दहाला संपायचा, मध्ये संध्याकाळी टेनिसपुरती सुट्टी. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतली प्रथिने. वर्ष संपले तेव्हा रामन यांनी तिला नियमित विद्यार्थिनी करून घेतले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमला एम.एस्सी. झाली. डाळींचा हा विषय तिने पुढे कधीच सोडला नाही.

१९३७ मध्ये ती शिष्यवृत्तीवर केंब्रिजला, न्यूनहॅम कॉलेजात गेली. जीवरसायन विभागाचे प्रमुख फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे १९२९ चे नोबेलविजेते. उंदरांच्या खाण्यात थोडेसे दूध मिसळले की ते वाढीला लागतात, या प्रयोगावरून अन्नात आणखी काही सूक्ष्म घटक असले पाहिजेत असे सांगणारे हेच. त्यांच्या प्रयोगशाळेत जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू शास्त्रज्ञ होते आणि त्या काळाच्या मानाने स्त्रियाही पुष्कळ होत्या. जागेची मात्र टंचाई. डेरेक रिख्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाला देऊ केले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखवली. बंगळूरच्या अटींनंतर हे औदार्य तिला कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. १९३८ मध्ये दोघांच्या नावाने प्राण्यांतल्या फिनोलेज या विकरावर (एन्झाइमवर) आणि अ‍ॅड्रेनॅलिनवर एक निबंध प्रसिद्ध झाला. पुढे रिख्टर दुसरीकडे गेले आणि कमला रॉबिन हिल यांच्याकडे आली.

इथे थोडे मागे जावे लागेल. १८८४ च्या सुमारास चार्ल्स मॅकमन नावाचा एक डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला स्पेक्ट्रोस्कोप जोडून प्राण्यांच्या स्नायूंतून येणारा प्रकाश पाहत होता. इंद्रधनुषी पट्ट्यात त्याला काही ठराविक काळ्या रेघा दिसल्या. तिथला प्रकाश कुठल्यातरी रंगद्रव्याने गिळला होता. जर्मनीतल्या बड्या रसायनशास्त्रज्ञाने, होपे-झायलरने, हे म्हणणे खोडून काढले आणि मॅकमन विस्मृतीत गेला. १९२५ मध्ये केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांना घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीचा अभ्यास करताना त्याच रेघा पुन्हा दिसल्या. या रेघा पतंगाच्या पंखांच्या स्नायूंत होत्या आणि यीस्टमध्येही होत्या. यीस्टचे पाणी हवेत हलवले की रेघा पुसट होत, नळी थोडा वेळ स्थिर ठेवली की परत उमटत. पेशी ऑक्सिजन वापरते आहे हे डोळ्यांना दिसत होते. केलिन यांनी या रंगद्रव्याला सायटोक्रोम म्हटले. त्याच्या चार रेघांपैकी सर्वांत ठळक रेघ ५५० नॅनोमीटरजवळची, हिरव्या रंगातली. ती सायटोक्रोम-सी ची.

या रंगद्रव्याचा गाभा म्हणजे हीम. चार नायट्रोजन असलेले एक कडे आणि मधोमध लोहाचा एक अणू. हिमोग्लोबिनचा गाभाही हाच. हरितद्रव्यात कडे जवळपास तेच, मध्ये लोहाऐवजी मॅग्नेशियम. आपल्या रक्ताचा लाल आणि शेताचा हिरवा हे रसायनाच्या हिशेबात एकाच घरातले.

रॉबिन हिल हा मोठा वेगळा माणूस. ढगांचे फोटो काढायला १९२४ मध्ये त्याने आख्खे आकाश एका चित्रात घेणारा कॅमेरा बनवला होता. मंजिष्ठेसारख्या रंग देणाऱ्या झाडांची त्याला आवड होती, त्यांचे रंग काढून तो चित्रे रंगवायचा. खिशात हाती स्पेक्ट्रोस्कोप कायम. हिरव्या पानांतले हरितकण पानाबाहेर काढले तरी उजेडात ऑक्सिजन सोडतात, हे त्याने याच वर्षांत दाखवले. त्याच्या हाताखाली कमलाने निवडलेली वस्तू होती बटाटा.

वनस्पती श्वास कशा घेतात हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो, म्हणून आपल्या घरात फोडी लगेच पाण्यात टाकतात. हा काळेपणा एका विकराने येतो आणि ते विकर ऑक्सिजन वापरते. तेव्हा वनस्पतींच्या श्वसनात प्राण्यांपेक्षा वेगळी, या काळे पाडणाऱ्या विकराचीच व्यवस्था असावी असे काही संशोधक मानत होते. दुसरी शक्यता होती की वनस्पतीतही प्राण्यांसारखीच सायटोक्रोमची साखळी असावी. अडचण अशी की प्राण्याच्या स्नायूत सायटोक्रोम भरपूर, बटाट्याच्या पांढऱ्या गरात मात्र अगदी थोडा. प्रकाशापुढे धरल्यावर रेघ दिसलीच तर इतकी पुसट की नजर सरावलेली हवी. त्यातून गर वाटायला घेतला की तोच काळेपणा मध्ये येऊन सगळा वर्णपट गढूळ करणार. फिनोलेजवर केलेले काम इथे कमलाच्या उपयोगी पडले असणार, कारण ज्या विकराने गोंधळ होतो त्याच्या जातीचे विकर तिने आधीच हाताळले होते.

बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी आहे आणि त्याच्याकरवी ऑक्सिजनपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणारे विकरही आहे, हे कमलाने दाखवले. रेडा, यीस्ट आणि बटाटा, सगळ्यांच्या पेशी ऑक्सिजन वापरतात तो एकाच प्रकारच्या साखळीने. १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये हिल आणि भागवत या नावांनी फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर टिपण आले. सविस्तर निबंध युद्धामुळे आणि कमलाच्या मायदेशी परतण्यामुळे लांबला, तो 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये १९५१ साली छापून आला. तिचा पीएच.डी.चा प्रबंध चाळीस टंकलिखित पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो पुरा झाला. केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवीचा किताब देई, विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देत नसे. ते मिळायला १९४८ उजाडावे लागले. दारे बंद ठेवण्याचा मक्ता एकट्या बंगळूरकडे नव्हता.

या कथेतले दोन प्रवाह पुढे एकत्र आले. रामन परिणामाचा प्रकाश फार क्षीण, म्हणून रक्तासारख्या गडद पदार्थांवर तो वापरणे अवघड होते. १९६० मध्ये लेसर आला आणि चित्र पालटले. हीम ज्या रंगाचा प्रकाश गिळते त्याच रंगाचा लेसर टाकला की हीमची कंपने कितीतरी पटींनी ठळक होतात. १९७२ मध्ये स्पायरो आणि स्ट्रेकस या दोघांनी हिमोग्लोबिनचे आणि सायटोक्रोम-सी चे असे रामन वर्णपट प्रसिद्ध केले. केलिन यांच्या यंत्रात रेघ दिसे, म्हणजे रंगद्रव्य आहे एवढे कळे. आता लोहाभोवतीचे कडे कसे ताणले जाते, लोह इलेक्ट्रॉन घेते तेव्हा कुठला बंध सैल होतो, हेही वाचता येऊ लागले. रामन १९७० मध्ये वारले होते. त्यांनी आधी नाकारलेल्या मुलीच्या रंगद्रव्यावर त्यांचाच शोध चालला, हे पाहायला ते नव्हते.

कमलाने मात्र १९३९ नंतर स्पेक्ट्रोस्कोपला आपले आयुष्य वाहिले नाही. केंब्रिजच्या कामाचा धागा धरून ती परदेशात राहिली असती तर पेशींच्या श्वसनाच्या इतिहासात तिचे नाव आज आहे त्याहून कितीतरी वर असते, असे मला मनापासून वाटते. ती परत आली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाची प्रमुख झाली, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेली. तिथून १९४४ मध्ये काही अन्नपदार्थ थायमिन हे जीवनसत्त्व निकामी कसे करतात, यावर तिचा सहलेखकासह निबंध आला. अन्नात काय आहे याच्या याद्या तेव्हा जगभर होत होत्या. त्यातले शरीराला काय मिळते आणि मध्ये काय आडवे येते, हा कमलाचा प्रश्न होता. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि ती मुंबईला आली.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमलाबाई सोहोनी जीवरसायन शिकवू लागल्या. याच संस्थेच्या पदार्थविज्ञान विभागात एन. आर. तावडे यांनी रेणूंच्या पट्टवर्णपटांवर, त्यांतल्या कंपनांच्या आणि परिवलनाच्या तापमानांवर, मोठे काम उभे केले होते. एकाच दगडी इमारतीत एका बाजूला नायट्रोजनच्या रेणूची कंपने मोजली जात आणि दुसऱ्या बाजूला वालाच्या बिया दळल्या जात.

वालाचे काम हे कमलाबाईंचे सर्वांत आपले काम. कोकणपट्टीत भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल घेतात. पालघरपासून रायगडपर्यंत बिरड्याची उसळ कुणाला माहीत नाही? वालात प्रथिने भरपूर, पण कच्च्या वालात एक पदार्थ असतो जो आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला अडवतो. ट्रिप्सिन प्रथिने तोडणारे विकर. ते अडले की ताटात प्रथिन असूनही अंगी लागत नाही. १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतला हा ट्रिप्सिनरोधक स्फटिकाच्या रूपात वेगळा काढल्याचे जाहीर केले. स्फटिक करणे म्हणजे पदार्थ इतका शुद्ध करणे की त्याचे रेणू रांगेत बसतील. तसा तो हाती आला की तो किती ट्रिप्सिन अडवतो, तापवल्यावर किती टिकतो, हे नेमके सांगता येते. आपल्या बायका वाल रात्रभर भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि चांगले शिजवतात. शिजवताना लागणाऱ्या उष्णतेने या रोधकाचा मोठा भाग निकामी होतो.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हे ज्ञान आणखी जुन्या रूपात आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी बायका रानातले कंद खणून आणतात. कडूकंद तसाच खाल्ला तर घसा आणि पोट दोन्ही बिघडतात. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी जिभेला लावून पाहायच्या. कडूपणा गेला नसेल तर टोपली पुन्हा पाण्यात. विषारी घटक विरघळवून काढण्याची ही पद्धत कुणाच्या नावावर नाही, तरी तिला रसायन म्हणायला मला संकोच वाटत नाही. कमलाबाईंची बहीण दुर्गा भागवत मध्य प्रांतात आदिवासींमध्ये वही घेऊन फिरली, तिथल्या विषबाधेने काही वर्षे अंथरुणाला खिळली. एकाच घरातल्या दोघी मुली जंगलात राहणाऱ्या माणसाच्या जगण्यापर्यंत पोचल्या, एक गोष्टींच्या वाटेने आणि दुसरी अन्नाच्या.

कमलाबाई आदिवासींच्या ताटापर्यंत आल्या त्या नीरेमुळे. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला आणि तो दहाएक वर्षे चालवला. ताड-शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडके बांधायचे, आतून चुन्याचा हात फिरवायचा म्हणजे रस आंबत नाही, आणि ऊन चढायच्या आत उतरवायचे. चुन्याने काम केले तर ती नीरा, नाहीतर ताडी. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर ताडाच्या झाडावर पोट असलेल्यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला होता. नीरा आणि ताडगूळ हे त्याचे गांधीवादी उत्तर, आणि खादी-ग्रामोद्योगाची ताडगुळाची संस्था आपल्याच जिल्ह्यात डहाणूला उभी आहे. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे आणि गूळ करतानाही ते पुष्कळसे टिकते, असे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

लोहाचा मुद्दा जव्हार-मोखाड्यात कागदावरचा नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. आज आरोग्य केंद्रात आलेल्या गरोदर बाईला पहिला शब्द ऐकू येतो तो "रक्त कमी आहे". हे ठरते कसे? बोट टोचून नळीत रक्ताचा थेंब घेतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात, तो तपकिरी होतो, आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालत जातात. ही साहलीची पद्धत. बऱ्या सोयीच्या ठिकाणी रक्तावर रसायन टाकून ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात ते किती प्रकाश गिळते ते यंत्र सांगते. अकरा ग्रॅमच्या खाली आकडा आला की रक्तक्षय. सिकलसेलच्या काही तपासण्याही, ज्या आपल्या पट्ट्यात गरजेच्या आहेत, शेवटी हिमोग्लोबिनने गिळलेला प्रकाशच मोजतात. मॅकमनने स्नायूंत पाहिलेल्या आणि कमलाबाईंनी बटाट्यात शोधलेल्या त्याच लोहाच्या कड्याचा हा रंग.

गोळ्या दिल्या जातात, त्या दिल्याच पाहिजेत. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला भाकरी, भात, डाळ, भाजी, लाडू, अंडे असे गरम जेवण मिळते, तेही चांगले आहे. माझा आग्रह वेगळा आहे. इथली नागली १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम देते आणि थोडे लोहही, पण तिच्यातला फायटेट नावाचा घटक लोहाला धरून ठेवतो. मोड आणून दळली तर तो कमी होतो. जेवणात क जीवनसत्त्व असले तर धान्यातले लोह जास्त शोषले जाते, आणि कमलाबाईंनी नीरेत क जीवनसत्त्व मोजले होते. नागलीची भाकरी आणि सकाळची ताजी नीरा, किंवा नीरा नसेल तिथे लिंबू-आवळा, ही जोडी अंगणवाडीच्या आहारपत्रकात का असू नये? वालाची उसळ असेल तर वाल मोड आणलेले आणि पुरते शिजलेले असावेत एवढी साधी सूचना तिथे का छापली जाऊ नये? बाजारातून आलेल्या पाकिटांवर कोष्टके असतात, त्यात किती ग्रॅम प्रथिने आणि किती मिलिग्रॅम लोह ते लिहिलेले असते. त्यातले किती अंगी लागते हा १९४४ सालचा प्रश्न त्यावर कधी दिसत नाही.

कमलाबाई पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या, पण ते पद त्यांना चार वर्षे उशिराने मिळाले. आरेच्या दुधाला नासू न देण्याच्या कामात त्यांनी सल्ला दिला. १९६६ मध्ये ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या संस्थापकांत त्या होत्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष. संस्थेच्या 'कीमत' मासिकात त्या अन्नातल्या भेसळीवर साध्या भाषेत लिहीत राहिल्या. हळदीत पिवळा रंग मिसळला आहे का, तेल शुद्ध आहे का, हे घरातल्या बाईला कसे ओळखता येईल याची काळजी त्यांना बटाट्यातल्या रेघेइतकीच होती. जून १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार ठरवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जूनला गेल्या.